हौस आहे म्हणा, गुंतवणूक म्हणू नका

रील तुम्हीही पाहिलं असेल. बोगद्यातून सुसाट जाणारी गाडी, एक्झॉस्टचा तो घुमणारा आवाज, आणि स्क्रीनवर ठळक अक्षरांत मजकूर: ही गाडी खर्च नाही, असेट आहे. मग एक मुलगा कॅमेऱ्याकडे बघून सांगतो, भावा, दोन वर्षं चालव, मजा कर आणि घेतलेल्या किमतीला विकून टाक. फुकटात गाडी फिरवली की नाही?

ऐकायला झकास वाटतं. पहिली नोकरी लागलेली असते, पगाराचा मेसेज आला की मोबाइल दोनदा बघावासा वाटतो, आणि नेमक्या त्याच काळात जुन्या गाड्यांच्या अॅपवर एखादी ताकदवान गाडी नव्याच्या निम्म्या किमतीत दिसते. घरी विषय काढला की बाबा विचारतात, 'कशाला एवढी गाडी?' त्यावर आपल्याकडे तयार उत्तर असतं: 'रीसेल चांगली आहे हो!' हे एकच वाक्य सगळ्या शंकांवरचं औषध असल्यासारखं वापरलं जातं.

आज त्याच वाक्याबद्दल बोलू. सेकंड हँड स्पोर्ट्स कार किंवा हाय परफॉर्मन्स गाडी खरंच किंमत टिकवते का? थोडक्यात सांगायचं तर बहुतेक टिकवत नाहीत. काही मोजक्या टिकवतात. आणि त्या मोजक्या गाड्यांची उदाहरणं देऊन आपल्याला बाकीच्या सगळ्या विकल्या जातात.

आधी साधा घसारा समजून घ्या

गाडीचा विमा काढताना पॉलिसीवर 'आयडीव्ही' नावाचा एक आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती पैसे देईल, तो हा आकडा. तो ठरवायचं एक कोष्टक आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात आहे. गाडी सहा महिने ते एक वर्ष जुनी असेल तर १५ टक्के घसारा, दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाच वर्षांची झाली की ५० टक्के. म्हणजे कागदावर पाच वर्षांत निम्मी किंमत गेली. प्रत्यक्ष बाजारभाव याच्या वरखाली असतो, पण दिशा हीच.

आता यात टॅक्सची भर घाला. महाराष्ट्रात पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर किमतीनुसार ११ ते १३ टक्के वन टाइम टॅक्स लागतो. त्याची कमाल मर्यादा २०२५च्या राज्याच्या अर्थसंकल्पात २० लाखांवरून ३० लाख रुपये केली गेली. हा टॅक्स पहिल्या मालकाच्या खिशातून जातो. जुनी गाडी घेणारा तुमच्या टॅक्सच्या पावतीकडे बघून भाव वाढवून देत नाही. तो गाडी बघतो. त्यामुळे 'पन्नास लाखांची गाडी चाळीसला गेली' असं कुणी सांगितलं, की पन्नास हा एक्स शोरूम भाव होता की ऑन रोड, हा प्रश्न आधी विचारायचा. बहुतेक वेळा तिथेच गोष्टीतली हवा जाते.

हे सगळ्याच गाड्यांना लागू आहे. ताकदवान गाडीला आणखी एक दणका बसतो, तो म्हणजे पुढच्या खर्चाची भीती. मोठे ब्रेक, रुंद टायर, टर्बो, ड्युअल क्लच गिअरबॉक्स हे सगळं गाडी नवी असताना ब्रोशरमध्ये शोभून दिसतं. वॉरंटी संपली की त्याच गोष्टींची बिलं होतात. अशा गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं, तर बिल लाखांत जाऊ शकतं. जुनी गाडी घेणाऱ्याला हे माहीत असतं. म्हणून तो संभाव्य बिल आधीच किमतीतून वजा करतो.

जगभरात हेच दिसतं. बीएमडब्ल्यूची एम ५ किंवा मर्सिडीजच्या एएमजी सेडान या अफाट वेगवान गाड्या. पण नव्या असताना त्या घेणाऱ्या माणसाला नवी गाडीच हवी असते, आणि जुनी घेऊ शकणाऱ्याला त्यांची देखभाल परवडत नाही. मधल्या मध्ये किंमत घसरते. पोर्शे ९११ मात्र त्यामानाने टिकते. १९६३मध्ये पहिल्यांदा दाखवली गेली तेव्हापासून तिचं इंजिन मागे आहे, आकार ओळखीचा आहे. जुनी ९११ 'कालबाह्य' वाटत नाही, 'आधीची' वाटते. त्यातही जीटी ३सारखी मॉडेल्स मोजून मिळतात, त्यामुळे रांगेत उभं राहायची तयारी नसलेला माणूस जुन्या गाडीला चांगला भाव देतो.

मग नियम काय निघाला? वेगवान आहे म्हणून किंमत टिकते, हा तर नक्कीच नाही.

जगातल्या सर्वांत वेगवान गाडीचं काय झालं?

जॅग्वार एक्सजे २२० ही गोष्ट गाडीवेड्या प्रत्येक मुलामुलीला माहीत असायला हवी. १९८८मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटर शोमध्ये ती दाखवली गेली. त्या काळात जुन्या फेरारींचे भाव रोज चढत होते, आणि सुपरकार म्हणजे चार चाकांवरचं सोनं असं लोकांना वाटत होतं. तेव्हा साधारण दीड हजार लोकांनी प्रत्येकी ५० हजार पौंड भरून आपला नंबर लावला, असं सांगितलं जातं. जॅग्वार त्याच्या एक चतुर्थांशही गाड्या बनवणार नव्हती. त्या रांगेतल्या अनेकांना गाडी चालवायचीच नव्हती. ती हातात येताच नफ्याने विकायची होती. आपल्याकडे फ्लॅटचं बुकिंग करून पझेशनच्या आधीच विकतात ना, तसंच.

मग दोन गोष्टी झाल्या. शोमध्ये दाखवलेल्या गाडीला बारा सिलिंडरचं इंजिन आणि चारही चाकांना ताकद होती. प्रत्यक्ष आलेल्या गाडीत सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि फक्त मागच्या चाकांना ताकद. आणि १९९२मध्ये गाड्या द्यायची वेळ आली, तोवर मंदी आलेली होती, किंमत ४ लाख ७० हजार पौंडांवर पोचली होती आणि सुपरकारचा फुगा फुटला होता. ज्यांनी हौसेने नंबर लावला होता तेच पळवाट शोधू लागले. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी गाड्या बनल्या २८०च्या आसपास, आणि त्याही पटकन खपल्या नाहीत.

गंमत बघा, गाडीत खोट नव्हती. १९९२मध्ये इटलीतल्या नार्दोच्या ट्रॅकवर तिने ताशी ३४० किलोमीटरच्या वर वेग गाठला. त्या काळातली ती जगातली सर्वांत वेगवान प्रॉडक्शन कार होती. एवढं असून, आज तीस वर्षांनंतरही लिलावात ती साधारणपणे मूळ किमतीच्या आसपास घोटाळते. तीस वर्षांची महागाई धरली तर तो सरळ तोटा आहे.

याच्या उलट मॅक्लारेन एफ १. तीही त्याच काळातली. कंपनीला सुमारे ३०० गाड्या विकायच्या होत्या. रेसिंगच्या गाड्या आणि प्रोटोटाइप धरून सगळ्या मिळून १०६ बनल्या. म्हणजे तेव्हा ही सुद्धा फसलेलीच गाडी वाटली असणार. नवी असताना किंमत पाच लाख पौंडांहून जास्त. २०२१च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पेबल बीचच्या लिलावात एक एफ १ दोन कोटी डॉलरच्या वर गेली. रील बनवणारे हा आकडा हमखास सांगतात. एक गोष्ट ते सांगत नाहीत. त्या गाडीचं रनिंग ४०० किलोमीटरसुद्धा नव्हतं! पंचवीसएक वर्षांत पुण्याहून मुंबईला दोनदा जाऊन यायलाही पुरणार नाही इतकं. एवढ्या भावासाठी गाडी चालवायचीच नाही, ही त्यातली अट होती.

१९९४ साली तुम्हाला कुणी या दोन गाड्या शेजारी उभ्या करून विचारलं असतं की यातली कुठली सोनं होईल, तर काय उत्तर दिलं असतं? दोन्ही महाग, दोन्ही वेगवान, दोन्ही न खपलेल्या. त्या धंद्यात मुरलेल्या माणसांनाही ते सांगता आलं नाही.

गाडीला भाव येतो तो तिच्याभोवती जमलेल्या गोष्टीमुळेही. 'द फास्ट अँड द फ्युरिअस'मध्ये पॉल वॉकर ज्या नारिंगी टोयोटा सुप्रामध्ये दिसला, ती २०२१मध्ये लास वेगासच्या लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. बाकीच्या सुप्रांपेक्षा ती काही इतक्या पटींनी वेगवान नव्हती. तिच्यात पॉल वॉकर बसला होता. आपण घेतो त्या गाडीत आधी कोण बसलं होतं? फार तर एखादे डॉक्टरसाहेब, 'सिंगल हँड, ओन्ली संडे ड्रिव्हन'.

आता आपल्या गल्लीत या

परदेशातल्या गोष्टी पुरे. आपल्याकडच्या दोन गाड्या घ्या, दोन्ही एकाच उद्योगसमूहाच्या, एकाच सुमाराच्या.

२०१६च्या नोव्हेंबरमध्ये फोक्सवॅगनने पोलो जीटीआय आणली. तीन दरवाज्यांची, १.८ लिटर टर्बो इंजिनची, भारतासाठी फक्त ९९ गाड्या. किंमत सुमारे २६ लाख. संख्या कमी, नाव मोठं, वेग भरपूर. रीलच्या हिशेबात ही तर पक्की 'असेट'. प्रत्यक्षात वर्ष उलटायच्या आत कंपनीला किंमत २० लाखांच्या आत आणावी लागली. ज्यांनी पहिल्याच झटक्यात उत्साहाने घेतली, त्यांच्या गाडीची किंमत एका सकाळी सहा लाखांनी खाली आली. त्यांनी काहीही चूक केलेली नव्हती. गाडी ठोकली नव्हती, फार चालवलीही नसेल.

आणि २०१७मध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली, साडेचोवीस लाखांच्या वर. ती बघता बघता संपली. २०२०मध्ये पुढची आवृत्ती आली, २०० गाड्या, ३५ लाख ९९ हजार. त्याही संपल्या. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा आली, १०० गाड्या, ४९ लाख ९९ हजार; त्या तर किंमत जाहीर होण्याआधीच बुक झाल्या होत्या.

फरक कुठे पडला? पोलो जीटीआयला मागे दार नव्हतं. आपल्याकडे पंचवीस लाखांची गाडी घेतली, की आजीला देवदर्शनाला न्यायची असते, दिवाळीत सामान भरून गावी जायचं असतं. ऑक्टाव्हिया आरएसला चार दारं आणि भलीमोठी डिकी. घरच्यांना सांगायला फॅमिली कार आणि एकट्याने निघालं की रॉकेट! म्हणजे नुसती गाडी दुर्मीळ असून भागत नाही. दुर्मीळ असावी, वापरता यावी, आणि आपल्यानंतर ती हवी असणारी माणसं रांगेत असावीत. तिन्ही जुळलं तर भाव टिकतो. वर कंपनीने नव्या गाडीची किंमत वाढवत नेली, की जुनीचा भावही मागोमाग वर ओढला जातो.

चाकणचं उदाहरण तर आपल्या अंगणातलं. तिथे बनलेली पोलो जीटी टीएसआय २०१३मध्ये आठ लाखांच्या आत आली होती. शून्य ते शंभर ९.७ सेकंद, असा कंपनीचा दावा. २०२२मध्ये पोलो बंद झाली आणि जुन्या जीटीला 'फॅन्स' फुटले. आज त्याच चाकणमध्ये महिंद्राची बीई ६ ही इलेक्ट्रिक एसयूव्ही बनते. तिच्या मोठ्या बॅटरीच्या गाडीचा दावा आहे ६.७ सेकंदांचा. म्हणजे आज एक बऱ्यापैकी वजनदार इलेक्ट्रिक गाडी सिग्नलवर जुन्या 'हॉट हॅच'ला सहज मागे टाकेल. वेग दरवर्षी स्वस्त होतोय. तरीही जुन्या जीटीला मागणी आहे, कारण तशी छोटी, घट्ट, हातात बसणारी गाडी त्या किमतीत आता मिळत नाही. लोक आठवणीला पैसे देतात, सेकंदांना नाही.

आणि रांजणगाव! तिथल्या कारखान्यातून २०१५मध्ये फियाटची अबार्थ पुंटो निघाली. १४५ हॉर्सपॉवर, दहा लाखांच्या आत. तेव्हा या पैशांत एवढी ताकद कुणी देत नव्हतं. पुढे फियाटने आपल्याकडचा गाशा गुंडाळला. आज ज्यांच्याकडे अबार्थ आहे ते जीव लावून सांभाळतात. पण विकायला काढा. फोन करणाऱ्यांत दोन प्रकार असतात: गाडी ओळखणारे, जे अख्ख्या राज्यात विखुरलेले असतात, आणि 'पार्ट मिळतात का?' विचारून फोन ठेवणारे. योग्य माणूस मिळाला तर किंमत येईलही. पण तो पुढच्या आठवड्यात मिळेल की पुढच्या वर्षी, हे तुमच्या हातात नाही.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अशा गाडीची किंमत टिकते ती न विकण्याची ऐपत असलेल्याची. ज्याला थांबता येतं, तो चांगला भाव मिळेपर्यंत थांबतो. ज्याला नोकरी गेली म्हणून, घरात दवाखाना निघाला म्हणून, बहिणीचं लग्न ठरलं म्हणून पंधरा दिवसांत विकायची आहे, त्याला डीलर जो आकडा टाकेल तोच भाव. गाडी तीच, मॉडेल तेच, भाव दोन. बावीस-पंचविशीतले आपण यातल्या कुठल्या गटात आहोत, हे प्रत्येकाने आपापलं बँक बॅलन्स उघडून बघावं.

कोल्हापूर-सांगलीकडचे दोस्त आता म्हणतील, आमच्या आरएक्स १००चं काय? बरोबर आहे. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली ९८ सीसीची ही टू स्ट्रोक यामाहा आज चांगल्या स्थितीत असेल तर नवी होती तेव्हाच्या कितीतरी पट भावात जाते. तिचा थोरला भाऊ राजदूत ३५०, म्हणजे आरडी. त्याचंही तसंच. पण आरडी नवी होती तेव्हा ऐंशीच्या दशकात लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली, कारण ती पेट्रोल प्यायची. अनेकांनी ती मिळेल त्या भावात काढून टाकली. आज जो भाव दिसतोय, तो चाळीस वर्षं गोठ्यात, ओट्यावर, ताडपत्रीखाली ती ज्यांनी जपून ठेवली त्यांचा आहे. त्यांनी ती गुंतवणूक म्हणून ठेवलीच नव्हती. वडिलांची गाडी होती, मोडवेना, एवढंच.

एका अधिसूचनेत भाव बदलतो

समजा तुम्ही गाडी अगदी अभ्यास करून निवडली. तरी काही गोष्टी ना तुमच्या हातात, ना कंपनीच्या.

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससह २९ टक्के होता, तो १८ झाला. मोठ्या गाड्यांवर ४५ ते ५० टक्के पडायचा, तो ४० झाला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, आनंदी आनंद. पण महिनाभर आधी ज्याने जुनी गाडी घेतली, त्याच्या गाडीचं काय? नवीच स्वस्त झाली की जुनीला आधीचा भाव कोण देणार?

आयात गाड्यांचं तर आणखी अवघड. बाहेरून पूर्ण बनून येणाऱ्या महागड्या गाड्यांवर आपल्याकडे शंभर टक्क्यांहून जास्त शुल्क लागत आलंय. मुंबईच्या रस्त्यावर दिसणाऱ्या सुपरकारच्या किमतीत अर्ध्याहून जास्त सरकारचा वाटा असतो. २४ जुलै २०२५ला भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. त्यात ब्रिटिश गाड्यांवरचं शुल्क ठरावीक कोट्यात, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलंय. जिथे शुल्कच किमतीतला मोठा तुकडा आहे, तिथे शुल्क उतरलं की जुन्या गाडीची किंमत कशाच्या आधारावर उभी राहणार? करोनानंतर चिपच्या तुटवड्यात नव्या गाड्यांसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागत होतं, तेव्हा जुन्यांचे भाव चढले होते. तुटवडा सरला, तशी ती चढणही सरली. पण 'गाडीची किंमत वाढते' ही समजूत तेवढी मागे राहिली.

आता आपला हिशेब

चला, कागद घ्या. आकडे मी धरलेत, तुमचे वेगळे असतील. रीत तीच वापरा.

पगार हातात ३५ हजार. जुनी ताकदवान गाडी ९ लाखांची. २ लाख डाऊन पेमेंट, ७ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, व्याज १३ टक्के. जुन्या गाडीच्या कर्जाला नव्यापेक्षा जास्त व्याज लागतं, हे लक्षात असू द्या. हप्ता बसतो महिना साधारण १५ हजार ९००. महिन्याला ८०० किलोमीटर फिरलात, मायलेज १० धरलं, तर पेट्रोल ८ हजार ३००. विमा वर्षाला २५ हजार, सर्व्हिस आणि टायर वर्षाला ४० हजार; दोन्ही मिळून महिन्याला ५ हजार ४००. बेरीज २९ हजार ६००. पगारातून उरले ५ हजार ४००. त्यात भाडं, डबा, मोबाइल, घरी पाठवायचे पैसे, सगळं बसवा. (आम्हा इंटर्न मंडळींच्या स्टायपेंडमध्ये तर चार टायरही यायचे नाहीत, त्यामुळे आम्ही या परीक्षेला बसतच नाही.)

आता खरी गंमत. समजा रीलमधला मुलगा शंभर टक्के खरं बोलला. तीन वर्षांनी गाडी घेतलेल्या किमतीलाच, पूर्ण ९ लाखांना विकली गेली. एक रुपया घसारा नाही. तरी त्या तीन वर्षांत व्याज गेलं साधारण २ लाख ८ हजार. विमा ७५ हजार. सर्व्हिस-टायर १ लाख २० हजार. झाले ४ लाखांच्या वर. पेट्रोलचे ३ लाख वेगळेच. म्हणजे किंमत 'पूर्ण टिकली' तरी ७ लाख गेले.

फुकटात गाडी फिरवली की नाही?

मग घ्यायचीच नाही का?

असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे हौसेला मोल नाही म्हणतात ते उगाच नाही. कुणी ट्रेकला जातं, कुणी कॅमेऱ्यावर लाख घालवतं, कुणी कॉन्सर्टच्या तिकिटांवर. वरंध घाटात पहाटे दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना ज्याला आनंद होतो, त्याच्या आनंदाचा हिशेब मागणारे आपण कोण? पण मग तिला हौसच म्हणा. हौसेचे पैसे गेले असं धरून चालता येतं. 'गुंतवणूक' म्हटलं की माणूस कर्ज काढायला कचरत नाही, बाबांची एफडी मोडायला कचरत नाही, आणि चुकलं तरी 'विकताना निघतील' म्हणून ओढत राहतो. एका शब्दाने खिशाचं भोक झाकलं जातं.

हौस म्हणूनच घ्यायची असेल, तर सर्वांत मोठा घसारा दुसऱ्याला सोसू द्या. चार-पाच वर्षं जुनी गाडी बघा, पुढची घसरण मंद असते. किमतीच्या किमान दहा-पंधरा टक्के रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. ती ठेवता येत नसेल तर गाडी आपल्या बजेटबाहेर आहे, मग हप्ता कितीही छोटा दिसो. ऑथराइज्ड सर्व्हिसची हिस्टरी मागा. मीटर मागे फिरवता येतो, सर्व्हिस सेंटरमधली नोंद फिरवणं अवघड. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ई-चलन थकलंय का, ते आधी तपासा. परराज्यातलं पासिंग असेल तर एनओसी आणि इथला टॅक्स यांचा खर्च भावात धरा. स्वस्त दिसणारी गाडी तिथेच महाग होते. २०१९ला कोल्हापूर-सांगलीत, २०२१ला चिपळूण-महाडमध्ये कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. कार्पेट उचला, सीटखालचे नटबोल्ट गंजलेत का बघा, वास घ्या.

'स्टेज वन रिमॅप केलंय' हे ऐकून खूश होऊ नका. कंपनीने दिलेल्या ताकदीवर आणखी ताण दिलेलं इंजिन म्हणजे कुणाची तरी हौस तुमच्या गळ्यात. आरसीवर नोंद नसलेले बदल विम्याच्या क्लेमच्या वेळी अडचणीत आणू शकतात. आणि एप्रिल २०२३च्या आधीची गाडी असेल तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं, ते वाचा. ताकदवान इंजिनं इंधनाच्या बाबतीत लाडावलेली असतात.

सगळ्यात शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारा. ही गाडी तीन वर्षांनी निम्म्या किमतीला गेली, तरी मला ती घेतल्याचं वाईट वाटणार नाही ना? उत्तर 'नाही वाटणार' असेल, आणि कागदावरची बेरीज पगारात बसत असेल, तर बिनधास्त घ्या. सीटबेल्ट लावा, वेग ट्रॅकवर दाखवा, रस्त्यावर नको. बाबांनी 'कशाला एवढी गाडी?' विचारलं तर खरं सांगा, मला आवडते म्हणून. त्यावर ते कदाचित चिडतील, कदाचित हसतील. पण त्यांच्या एफडीला हात लावायचा विषय तरी निघणार नाही.